तिच्या उंचीची खोली

ठाण्याला ताईने नवं घर घेतलं, तेव्हा सगळ्यात जास्त जीव तिने मुलीच्या खोलीत ओतला होता. फिकट गुलाबी भिंती, त्यांवर पऱ्या आणि फुलपाखरांची स्टिकरं, राजवाड्याच्या आकाराचा पलंग, छताला अंधारात चमकणाऱ्या चांदण्या. सगळं एका दुकानातून आलं आणि एका दिवसात लागलं. वास्तुशांतीला आलेला प्रत्येक पाहुणा त्या दारात थांबून कौतुक करून गेला.

पुढच्या पावसाळ्यात भिंतीला ओल आली. स्टिकरांच्या कडा सुटल्या. भाचीने एक परी ओढून काढली तर तिच्याबरोबर तळहाताएवढा रंगाचा पोपडा निघाला. भिंत काय, पुन्हा रंगवता आली असती. मला खटकलं ते दुसरंच. सहा वर्षांची ही मुलगी त्या खोलीत बसतच नव्हती. तिचा सगळा संसार जेवणाच्या टेबलाखाली होता. बुटांचं खोकं, आजीच्या जुन्या साडीचा तुकडा, एक टॉर्च, समुद्रावरून आणलेले शंख, झाकण तुटलेली कंपासपेटी. मी वाकून आत शिरले आणि विचारलं, "खोलीत का नाही गं बसत?"

"इथे सगळं माझ्या हाताला येतं, मावशी."

त्या रात्री मी तिच्या खोलीत जमिनीवर गुडघ्यांवर उभी राहिले. सहा वर्षांच्या मुलाचे डोळे जमिनीपासून साधारण साडेतीन फुटांवर असतात. तेवढ्या उंचीवरून मला दिसले कपाटाचे गुळगुळीत दरवाजे, पलंगाची कड आणि रिकामी भिंत. पऱ्या पाच फुटांवर, ताईच्या आणि माझ्या डोळ्यांसमोर उडत होत्या. पुस्तकांची फळी त्याहून वर. खोली तिच्या नावाची होती, पण मापं सगळी आमची होती.

ती खोली पुन्हा घडवायची, तिच्यासाठी नाही तर तिच्याबरोबर, असं आम्ही ठरवलं. या दिवाळीपर्यंत एक वर्ष त्यात गेलं. त्या निमित्ताने मी डहाणूला गेले, सावंतवाडीला गेले, पुण्यात दोन ठिकाणी फिरले. हा लेख त्या वर्षाचा हिशेब आहे.

कोनाडा

ताई आणि मी वाढलो ते घर दोन खोल्यांचं. मुलांची खोली ही कल्पनाच तेव्हा घरात नव्हती. पण जाड भिंतीत, जमिनीपासून दीड हातावर एक कोनाडा होता आणि तो आमचा होता. सागरगोटे, चिंचोके, बांगड्यांच्या काचा, भातुकलीतली पितळी पळी, पिसं. आई घर सारवताना, झाडताना बाकी सगळं हलवायची. कोनाड्याला हात लावायची नाही. एवढीशी जागा, पण तिथे आमचं राज्य चालायचं.

मराठी घरात मुलासाठी वस्तू करण्याची रीत त्याच्या जन्माआधीच सुरू व्हायची. बाळंतविडा म्हणजे हातकामाचा एक अख्खा संचच होता. मऊ जुन्या धोतराची दुपटी, झबली, टोपरी, पाठीवर झूल सोडलेली कुंची. कुंचीला खणाची किनार, कधी टिकल्या, कधी मोती. पाळण्यावर टांगायला कापसाने भरलेल्या कापडी चिमण्या. हे सगळं आजी, आत्या, मावशी आपापल्या हाताने शिवायच्या. कुणाचा टाका बारीक, कुणाचा मोठा, हे पुढची कित्येक वर्षं घरात बोललं जायचं. मूल मोठं झालं की ती कुंची धुऊन, घडी करून पुढच्या बाळासाठी ठेवली जायची.

फ्लॅट आले, दोन बेडरूम आल्या, मुलांना खोली मिळाली. ही मोठी चांगली गोष्ट झाली, यात शंका नाही. फक्त त्या वाटेवर कुठेतरी 'करणं' सुटलं आणि 'आणणं' उरलं. आणलेली वस्तू मोडली की मूल ती मोठ्यांकडे नेऊन देतं आणि नवीन मागतं. डोळ्यांदेखत झालेली वस्तू मोडली, तर ती कशी जोडायची हे त्याला निदान अर्धं ठाऊक असतं. मला या विषयात कळकळीने सांगण्यासारखं जे आहे, ते एवढंच.

कोसबाडची टेकडी

मुलाच्या उंचीचा विचार जगापुढे ठामपणे मांडला मारिया माँटेसरी यांनी. 6 जानेवारी 1907 रोजी रोममधल्या सान लोरेंझो या गरीब वस्तीत त्यांनी पहिलं बालगृह सुरू केलं. हलक्या, मुलाला स्वतः उचलता येतील अशा खुर्च्या, ठेंगणी टेबलं, हात पोचेल अशी कपाटं. वस्तू घ्यायला आणि परत जागेवर ठेवायला मुलाला कुणाची विनवणी करायला लागू नये, ही त्यामागची भूमिका.

तो विचार आपल्याकडे आला आणि आपला झाला तो ताराबाई मोडकांमुळे. भावनगरला गिजुभाई बधेका यांच्याबरोबर काम करून त्यांनी 1926 मध्ये नूतन बालशिक्षण संघ उभा केला आणि 1945 मध्ये त्या बोर्डीला गेल्या. अनुताई वाघ तिथेच त्यांना येऊन मिळाल्या. 1957 मध्ये हे काम डहाणू तालुक्यातल्या कोसबाडच्या टेकडीवर गेलं. परदेशी धर्तीची साधनं महाग होती आणि वारली पाड्यावरच्या मुलाला ती परकीही होती. मग या दोघींनी आसपास पाहिलं. शंखशिंपले, खडे, बिया, पानं, फुलं, माती. मोजायला बिया, रंग ओळखायला पानंफुलं, बोटांना वळण लावायला ओली माती. गुरांमागे जाणारी मुलं शाळेत येऊ शकत नव्हती, म्हणून शाळाच कुरणात गेली. तिला कुरणशाळा म्हणत.

डहाणू रोड स्टेशनावर उतरून कोसबाडकडे जाताना माझ्या डोक्यात ठाण्याची ती खोली होती. ताईने तिच्यावर खर्च केलेल्या पैशांत काय कमी पडलं, हे मला त्या रस्त्यावर उमगलं. पैसा नजरेसाठी खर्च झाला होता. हाताला काहीच मिळालं नव्हतं.

परत आल्यावर आम्ही पहिलं काम केलं ते फळ्या खाली आणण्याचं. देवगडहून आंबे येतात त्या लाकडी पेट्या अजून मिळतात. दोन पेट्या घेतल्या. खिळे नीट ठोकून बसवले, बाहेर आलेले उपटून काढले, आणि मग भाची आणि मी दोन संध्याकाळ पॉलिश पेपरने घासत बसलो. आधी खरखरीत पेपर, मग बारीक. घासून झालं की जुना नायलॉनचा मोजा हातात घालून लाकडावरून फिरवायचा. एखादी कुसळ राहिली असेल तर मोजा अडकतो. ही युक्ती आम्हाला सुताराने सांगितली. तिला तो मोज्याचा खेळ इतका आवडला की तिने घरातलं सगळं लाकूड तपासलं. पेट्या जमिनीपासून दोन फुटांवर, भिंतीला स्क्रूने पक्क्या बसवल्या. तिचा कोनाडा झाला. टेबलाखालचं सामान तिने स्वतः एकेक करून तिथे हलवलं.

भिंत

कोसबाड ज्या तालुक्यात आहे, त्याच तालुक्यात गंजाड आहे. जिव्या सोमा मशे यांचं गाव. आज वारली चित्र पिशव्यांवर, कपांवर, पडद्यांवर सगळीकडे दिसतं, त्यामुळे ते मुळात काय होतं हे विसरायला होतं. लग्नघरातल्या आतल्या भिंतीवर, गेरू दिलेल्या कुडावर सवाशिणी चौक लिहीत. तांदूळ वाटून केलेलं पांढरं, आणि बांबूची काडी टोकाला चावून, तंतू सुटे करून केलेला कुंचला. चौकाच्या मध्ये पालघट देवी. लग्न लावणारी धवलेरी गाणी म्हणून देवांना बोलवते. चौकाशिवाय लग्न लागत नाही.

ही कला बाहेरच्या जगाला दिसली त्यात भास्कर कुलकर्णी या मराठी चित्रकाराचा मोठा वाटा आहे. 1966 च्या दुष्काळात हस्तकला क्षेत्रात काम करणाऱ्या पुपुल जयकर यांनी त्यांना बिहारमध्ये मधुबनीला पाठवलं होतं. तिथल्या बायकांच्या हाती कागद देणारे तेच. पुढे सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला ते वारली पाड्यांवर आले. जिव्या मशे तेव्हा रूढीबाहेर जाऊन, लग्नाचं निमित्त नसतानाही, रोज चित्रं काढत होते. 2011 मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली, 2018 मध्ये ते गेले.

मुलाच्या खोलीसाठी या चित्रभाषेइतकी जवळची गोष्ट मला दुसरी दिसत नाही. वर्तुळ, त्रिकोण, चौकोन. दोन त्रिकोण टोकाला टोक लावून जोडले की माणूस उभा राहतो, आणि वरचा त्रिकोण थोडा कलता केला की तो चालू लागतो, वाकतो, नाचतो. सहा वर्षांच्या हाताला एवढं जमतं. पण देवीचा चौक हा त्या समाजाच्या पूजेचा भाग आहे. तो आपल्या भिंतीवर शोभेसाठी उतरवू नये, असं मला डहाणूहून परत येताना फार वाटलं. भाषा शिकावी आणि तिच्यात आपलं सांगावं.

भाचीने तसंच केलं. प्लास्टिक इमल्शनच्या गुळगुळीत भिंतीवर गेरू धरत नाही, हाताला लागतो. म्हणून आम्ही चार फूट बाय दोन फुटांचा प्लायचा तुकडा घेतला. गेरू रात्रभर पाण्यात भिजवला, त्यात विरघळलेला डिंक घातला आणि दोन हात दिले. तांदळाची पिठी पाण्यात कालवली, तिच्यातही थोडा डिंक. ओलं असताना हे पांढरं फिकं दिसतं, वाळल्यावर खुलतं. पहिल्या दिवशी तिला वाटलं की उमटतच नाहीये, म्हणून ती हिरमुसली. सकाळी उठून पाहिलं तर सगळं चित्र फटफटीत पांढरं वर आलं होतं. तिने काय काढलं होतं? लोकलचा डबा, त्यात दाटीवाटीने उभी असलेली त्रिकोणी माणसं, खिडकीपाशी आई, आणि डब्याच्या टपावर एक मोर. फळा भिंतीवर लावला तो साडेतीन फुटांवर, तिच्या डोळ्यांसमोर.

चितार आळी

सावंतवाडीला मोती तलावाच्या काठावरून आत वळलं की चितार आळी लागते. दुकानांत टांगलेली लाकडी केळी, वांगी, मिरच्या, सीताफळं लांबून खरीच वाटतात. बैलगाड्या, भोवरे, रंगीत पाट, पाळणे, ठकी नावाच्या बाहुल्या. ही खेळणी पांगाऱ्याच्या लाकडाची करत आले आहेत. पांगारा वजनाला अगदी हलका. लहान मुलाच्या हातात द्यायची वस्तू हलकीच हवी, पायावर पडली तरी लागू नये. एका दुकानातल्या काकांनी लाकडी आंबा माझ्या हातावर ठेवत हे सांगितलं. आकाराकडे बघून हात वजनाची तयारी करतो आणि आंबा पिसासारखा वर येतो.

राजवाड्यात गंजिफा रंगवणारी मंडळी बसतात. दशावतारी गंजिफेचे पत्ते गोल. दहा अवतार, प्रत्येकाचे 12 पत्ते, एकूण 120. प्रत्येक अवतारात राजा, वजीर आणि एक ते दहा. मत्स्याच्या पानांवर मासे मोजायचे, कूर्माच्या पानांवर कासवं. बोटाच्या पेरापेक्षाही लहान मासा एका श्वासात, हात न उचलता उतरताना मी पाहिला. ही कला मरणपंथाला लागली होती. शिवरामराजे भोसले आणि सत्त्वशीलादेवी भोसले या राजदांपत्याने गेल्या शतकाच्या सत्तरच्या दशकात ती पुन्हा उभी केली. सत्त्वशीलादेवी स्वतः कुंचला धरायला शिकल्या.

पूर्वीच्या गंजिफेच्या पत्त्याला चिंचोक्याची खळ असे. आम्ही ती घरी करून पाहिली. चिंचोके भाजून, वरची तपकिरी सालं काढून, रात्रभर भिजवून वाटायचे आणि मंद आचेवर, सतत ढवळत शिजवायचे. दाट, किंचित करड्या रंगाची खळ होते. जुन्या सुती कापडाचे तीन थर या खळीने एकमेकांवर चिकटवले, वर वह्यांच्या कव्हराचा जाड कागद, आणि सगळं दोन दिवस पुस्तकांच्या ओझ्याखाली ठेवलं. वाटी पालथी घालून गोल आखले, मी कापले. मग भाचीने आपली गंजिफा ठरवली. अवतारांच्या जागी तिच्या ओळखीची कुळं: चिमण्या, रिक्षा, छत्र्या, चिंचा. प्रत्येकात एक ते पाच. चिमण्यांची राणी म्हणजे तिची आजी. हे वीसेक पत्ते आता पेटीत सगळ्यात वर असतात आणि पाहुणा आला की पहिला डाव तिथे पडतो.

आजीची साडी

सगळ्यात जास्त वेळ गेला गोधडीत, आणि खरं सांगायचं तर या वर्षातलं मला सर्वांत प्रिय काम तेच.

आमच्या आईची एक निळी सहावारी सुती साडी होती. काठ विरलेले, मधे दोन ठिकाणी जीर्ण. सहावारी साडी साधारण 18 फूट लांब आणि पावणेचार फूट रुंद. लांबीच्या चार घड्या घातल्या की साडेचार फूट बाय पावणेचार फुटांचा, चार पदरांचा चौकोन होतो. लहान मुलाच्या गोधडीला हे माप चपखल बसतं. एक पैसुद्धा जास्तीचा खर्च नाही. पश्चिम महाराष्ट्रात हिला वाकळ म्हणतात. नाव कुठलंही असो, रीत एकच. अंगावरचं जुनं झालेलं, धुऊन धुऊन मऊ झालेलं कापड पुढच्या पिढीच्या अंगावर घालायचं.

आमच्या ओळखीच्या एक आजी आयुष्यभर गोधड्या शिवत आल्या आहेत. त्यांनी जमिनीवर सतरंजी घातली, तिच्यावर साडीची घडी पसरली, तळहाताने मधून कडेकडे सुरकुत्या काढत नेल्या आणि चारी कोपऱ्यांवर पाण्याने भरलेले तांबे ठेवले. मग मोठमोठे कच्चे टाके. "आतला पदर सरकला की गोधडी पुढे गोळा होते," त्या म्हणाल्या. टाका कडेने सुरू करायचा आणि चौकोनात चौकोन घालत आत आत मध्यापर्यंत जायचं. साधा धावदोरा. दोन ओळींमध्ये एक बोट अंतर. टाक्याचं माप विचारलं तर त्यांनी डब्यातला गव्हाचा दाणा काढून कापडावर ठेवला. "एवढा."

सुई चार पदरांतून जाताना आधी विरोध जाणवतो, मग एकदम वाट मिळते. अंगठ्याखाली कापड किंचित उचलायचं, सुईवर तीन-चार टाके एकदम गोळा करायचे आणि दोरा ओढायचा. ओढताना सुर् असा आवाज येतो. जास्त ओढलं की कापड आवळतं, कमी ओढलं की टाका लोंबतो. आजींचा हात न बघता चालायचा. त्या गप्पा मारायच्या आणि ओळ सरळ जायची. माझी ओळ दर वीतभर अंतरावर वाकडी व्हायची. भाचीला त्यांनी मधलं काम दिलं. कापडाचे तुकडे निवडून वर ठेवायचे. तिने तिच्या लहानपणीच्या झबल्याचा तुकडा, बाबांच्या चेकच्या शर्टाचा खिसा आणि ताईच्या हिरव्या खणाचा त्रिकोण घेतला. खिसा उघडा ठेवायचा असा तिचा हट्ट होता. आजींनी तीन बाजू शिवल्या, वरची मोकळी सोडली. "झोपताना लागलं तर काही ठेवता येईल," त्या अगदी गंभीरपणे म्हणाल्या. त्या खिशात रोज रात्री काहीतरी असतं. कधी चिंचोका, कधी घडी घातलेली चिठ्ठी.

गोधडी पुरी व्हायला आम्हाला 3 महिने लागले, कारण आम्ही फक्त रविवारी शिवायचो. आई आता नाही. पण ते निळं कापड पांघरून तिची नात झोपते, आणि त्या कापडाला अजूनही, उन्हात वाळवून काढलं की, आमच्या जुन्या घराचा वास येतो.

उजेड

दिवाळीच्या तोंडावर आम्ही कंदील केला. बाहेर टांगायला एक आणि खोलीत कायमचा एक. बांबूच्या कामट्या तासून, त्यांचे सहा सारखे चौकोन दोऱ्याने बांधून षटकोनी सांगाडा, त्याला कणकेच्या खळीने पतंगाचा कागद, खाली झिरमिळ्या. कामटी बांधताना गाठ मारायच्या आधी दोरा ओला करायचा, म्हणजे वाळताना तो आवळतो. खोलीतल्या कंदिलात कमी वॉटचा एलईडी दिवा घातला. जुना तारेचा दिवा तापायचा आणि कागदाला धोका असायचा. एलईडीमुळे हातकामाच्या कागदी दिव्याला आता घरात वर्षभर जागा मिळू शकते. कागद मात्र दिव्यापासून चार बोटं दूरच हवा, आणि वायरचं काम जाणत्या माणसानेच करावं.

छतावरच्या प्लास्टिकच्या चांदण्यांऐवजी दुसरा उद्योग केला, त्याचं श्रेय अरविंद गुप्तांना. आयआयटी कानपूरमधून इंजिनिअर झालेला हा माणूस 1978 मध्ये होशंगाबादच्या विज्ञान शिक्षण कार्यक्रमात गेला आणि आगपेटीच्या काड्या, सायकलच्या व्हॉल्व्हची नळी, जुनी वर्तमानपत्रं यांतून खेळणी करू लागला. पुढे पुण्यात आयुका या खगोलविज्ञान संस्थेच्या मुक्तांगण विज्ञान शोधिकेत त्यांनी हे काम अनेक वर्षं केलं. ती वास्तू पु. ल. देशपांडे फाउंडेशनच्या देणगीतून उभी राहिली. 2018 मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. त्यांच्या खेळण्यांची कृती कुणालाही फुकट पाहता येते. कचऱ्यातून विज्ञान निघतं हे त्यांनी देशभरच्या मुलांना दाखवलं.

आम्ही घेतलं बुटांचंच खोकं. एका बाजूला काळा कागद, त्यावर दाभणाने सप्तर्षींची सात भोकं. सहावा वसिष्ठ, त्याला अगदी लागून बारीक टाचणीने अरुंधती. खोक्यात टॉर्च ठेवून दिवे मालवले. भिंतीवर सात ठिपके उमटले आणि आठवा, पुसट, दिसेल न दिसेल असा. तो शोधताना भाची श्वास रोखून उभी होती. पुढच्या महिन्यात गावी गेलो तेव्हा तिने खऱ्या आकाशात अरुंधती आमच्या आधी शोधली.

जपायच्या गोष्टी

हाताने करायचं म्हणजे जबाबदारीही आपल्याच हातात येते. काही गोष्टी आम्ही वर्षभर काटेकोर पाळल्या.

रंग घेताना डब्यावर शिशाबद्दल काय लिहिलंय ते वाचावं. घरगुती रंगांत शिसं 90 पीपीएमपेक्षा जास्त असू नये, हा नियम आपल्याकडे 1 नोव्हेंबर 2017 पासून लागू आहे. त्याआधीचा अर्धा डबा माळ्यावर असेल तर मुलाच्या वस्तूला वापरू नये, आणि जुन्या भिंतीचे पोपडे कोरडे खरवडू नयेत. त्यांची धूळ मुलाच्या पोटात जाते. दुकानातल्या खेळण्यांना 1 जानेवारी 2021 पासून भारतीय मानक ब्यूरोचं चिन्ह सक्तीचं झालं. नोंदणीकृत हस्तकारागिरांना त्यातून सूट आहे, म्हणून कारागिराकडून घेताना कुठला रंग वापरला हे आपण होऊन विचारावं. चांगला कारागीर हा प्रश्न आनंदाने ऐकतो.

तीन वर्षांच्या आतलं मूल घरात असेल तर सुटं बटण, मणी, टिकली नको. जी वस्तू सव्वातीन सेंटीमीटरच्या भोकातून सहज जाते, ती त्याच्या घशातही जाऊ शकते. पाळण्यावरच्या चिमण्या बाळाच्या हाताला लागणार नाहीत इतक्या उंच हव्यात, दोरी आखूड हवी. आणि बाळ हातांवर जोर देऊन उठू लागलं, म्हणजे साधारण पाचव्या महिन्यात, की त्या उतरवाव्यात. पलंगाच्या डोक्यावर जड काही टांगू नये. फळी, कपाट, पेटी भिंतीला पक्की हवी, कारण मूल एकदा तरी तिच्यावर चढणारच.

राजाचं संग्रहालय

पुण्यातल्या राजा दिनकर केळकर संग्रहालयात मी शेवटी गेले. दिवे, अडकित्ते, वाद्यं, कोरीव दारं आणि खेळणी, बाहुल्या. गेल्या कित्येक पिढ्यांच्या घरांतल्या, हातांनी केलेल्या आणि हाताळून गुळगुळीत झालेल्या वस्तू. संग्रह केला तो दिनकर केळकरांनी, 'अज्ञातवासी' या नावाने कविता लिहिणाऱ्या माणसाने. पाटीवरचं 'राजा' हे नाव त्यांच्या मुलाचं. तो सात वर्षांचा असताना गेला. एका बापाने त्या नावाने एवढा मोठा संसार मांडून ठेवला.

भातुकलीच्या काचेसमोर मी बराच वेळ उभी होते. बोटभर चूल, बोटभर पाटा. त्या वस्तू कुणीतरी एका मुलाच्या हाताचं माप डोळ्यांसमोर धरून घडवल्या होत्या.

गेल्या आठवड्यात ठाण्याला गेले. भाची आता सात वर्षांची. दाराच्या चौकटीवर तिच्या उंचीच्या पेन्सिलच्या रेघा आहेत. दिवाळीची रेघ मागच्यापेक्षा चार बोटं वर सरकली आहे. तिने जाहीर केलं की पेट्याही चार बोटं वर घ्यायच्या. स्क्रू काढायचं काम तिने केलं, दोन्ही हातांनी दांडा धरून, जीभ बाहेर काढून. पेट्या वर गेल्या. खाली भिंतीत चार भोकं राहिली. ती बुजवायला मी वाटीत लांबी कालवत होते.

"थांब ना, मावशी."

ती गुडघ्यांवर बसली, पेन्सिल घेतली आणि एका भोकाभोवती छोटी चौकट काढली. मग उंबरा. मग वर टाचणीएवढं तोरण.

"मुंग्यांचं घर आहे," ती म्हणाली. "त्यांना एवढंच दार पुरतं."

मी लांबीची वाटी बाजूला ठेवली. उरलेली तीन भोकं अजून तिच्या हाताखाली आहेत.